शहराच्या राजकारणावर मुद्राचित्रे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाणी, पुनर्विकास, हातगाड्या उचलणं, दंगल, निवडणूक अशा विषयांवर स्वतः चित्र कोरून त्याच्या प्रती काढू पाहणाऱ्यांसाठी हे पान आहे. मुख्य भर लिनोकटवर, म्हणजे लिनोलियमच्या (लिनोच्या) तुकड्यावर कोरून छापण्यावर आहे, कारण तो घरच्या टेबलावर होतो. वुडकट (लाकडावर कोरलेलं चित्र) आणि स्क्रीन प्रिंट (ताणलेल्या जाळीतून शाई दाबून केलेली छपाई) गरजेपुरते आले आहेत.

सुरुवात विषयापासून करावी की तंत्रापासून?

अंतरापासून करा. चित्र कोण बघणार, कुठे बघणार आणि किती लांबून बघणार, हे आधी ठरवा. बाकीचे बहुतेक निर्णय त्यातून आपोआप सुटतात.

हातात धरून वाचायच्या कागदावर 1 मिलिमीटरची रेघ चालते आणि अक्षर 4-5 मिलिमीटर उंच असलं तरी पुरतं. सोसायटीच्या नोटीस बोर्डासमोर माणूस दीड मीटरवर उभा असतो. तिथे रेघ 2-3 मिलिमीटरची आणि अक्षर किमान सव्वा सेंटिमीटर हवं. मोर्चातला फलक दहा मीटरवरून वाचायचा, तर अक्षर 8 सेंटिमीटरचं धरा. ही उंची मात्रा, वेलांट्या सोडून फक्त मूळ अक्षराची आहे. एवढं मोठं अक्षर लिनोत कोरण्यात अर्थ नाही. तिथे स्क्रीनच घ्या.

बरीच राजकीय मुद्राचित्रं इथेच फसतात. A3 मापात सुंदर, बारीक काम केलेलं असतं आणि लावलेलं असतं रस्त्यापलीकडच्या कुंपणावर. लांबून दिसतो तो नुसता राखाडी ठिपका.

लिनो, लाकूड की स्क्रीन?

पन्नासेक प्रती आणि काळ्या-पांढऱ्याचा ठोसा हवा असेल तर लिनो. लाकडाचे रेषे चित्रात यायला हवे असतील तर वुडकट. 6 मिलिमीटरचा प्लायवूड चालतो, मात्र रेषांच्या आडवं कोरताना कपचे उडतात. दोनशेच्या वर प्रती, मोठं अक्षर आणि उद्या सकाळची मुदत असेल तर स्क्रीन.

पॅरिसमध्ये मे 1968 च्या विद्यार्थी-कामगार आंदोलनात हेच घडलं. विद्यार्थ्यांनी ताब्यात घेतलेल्या एकोल दे बोझार या कलाशाळेतलं पहिलं पोस्टर लिथोग्राफीने (दगडावर चित्र काढून छापण्याच्या पद्धतीने) निघालं आणि प्रती निघाल्या जेमतेम तीस. लगेच स्क्रीन प्रिंट आलं आणि मग रात्रभर छपाई करून सकाळी भिंती भरायला लागल्या. जून अखेरीस पोलिसांनी इमारत रिकामी करेपर्यंत ते चालू होतं. तिथली एकरंगी, जाड, थोडी ओबडधोबड शैली घाईतून आलेली आहे. आज निवांत बसून तिची नक्कल केली की ती पोकळ वाटते.

पूर्वीची कोणती कामं बघावीत?

सगळ्यात आधी फ्रेंच चित्रकार ओनोरे दोमिएचं 1834 चं लिथोग्राफ, 'र्‍यू त्रांसनोनँ, 15 एप्रिल 1834'. पॅरिसमधल्या उठावाच्या वेळी सैनिकांनी त्या रस्त्यावरच्या एका घरात शिरून रहिवाशांना मारलं होतं. चित्रात सैनिक नाहीत, राजा नाही, झेंडा नाही. पलंगाला टेकून पडलेला झोपेच्या कपड्यातला माणूस, त्याच्या अंगाखाली लहान मूल, उपडी पडलेली खुर्ची आणि चुरगळलेल्या चादरीचा पांढरा पट्टा. नाव काय, तर रस्ता आणि तारीख. सरकारने दगड आणि हाती लागलेल्या प्रती जप्त केल्या. पुढच्या वर्षी, सप्टेंबर 1835 मध्ये, राजकीय व्यंगचित्रांवर पुन्हा सेन्सॉरशिप आली.

जर्मन चित्रकार केटे कोलविट्झने, हत्या झालेला कम्युनिस्ट नेता कार्ल लीब्कनेख्ट याच्या स्मृतिचित्रासाठी (1919-20) आधी एचिंग (धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरलेलं चित्र) केलं, मग लिथोग्राफ केलं, आणि शेवटी वुडकटवर आली. तिन्ही शेजारी ठेवून बघा. करडे टप्पे निघून गेल्यावर शोक करणाऱ्यांचे हात आणि चेहरे किती पुढे येतात, हे त्यात दिसतं. मेक्सिको सिटीत 1937 साली सुरू झालेल्या 'तायेर दे ग्राफिका पोपुलार' या कलाकारांच्या कार्यशाळेने लिनो निवडला तो स्वस्त आणि झटपट म्हणून.

आपल्याकडे चित्रकार चित्तप्रसाद. बंगालच्या दुष्काळावरच्या त्यांच्या 'हंग्री बेंगॉल' पुस्तिकेच्या प्रती ब्रिटिश सरकारने जप्त करून नष्ट केल्या. 1946 मध्ये ते मुंबईत आले आणि पुढची अनेक वर्षं अंधेरीत राहून लिनोकट करत राहिले. काम करणाऱ्या मुलांवरची त्यांची मालिका जरूर बघा. चेहऱ्यावर कोरणीचे किती कमी फटकारे आहेत आणि ते कोणत्या दिशेने गेलेत, ते मोजा. सोमनाथ होर यांची बंगालमधल्या तेभागा या शेतकरी चळवळीवरची वुडकट्सही त्याच पंक्तीत बसतात.

पुढाऱ्याचं व्यंगचित्र काढू का?

काढा, पण पाच वर्षांनी नगरसेवक बदलला की चित्र शिळं होतं. शिवाय लिनोत चेहरा ओळखू येईल इतका साधणं अवघड. नाकाशी एक फटका चुकला की भलताच माणूस तयार होतो. वस्तू जास्त टिकते. रात्री अडीचला येणारा टँकर, त्याचा पाइप आणि पाइपाखाली जागा धरून ठेवलेले रिकामे हंडे हे चित्र कुणाचंही नाव न घेता पालिकेबद्दल बोलतं. खाली वस्तीचं नाव आणि तारीख घाला. 'पाणी आमच्या हक्काचं' कुठेही चिकटवता येतं. 'संजयनगर, 14 मे, रात्री 2.30' ही नोंद मात्र खोटी पाडता येत नाही, अर्थात ती खरी असेल तर. तारीख, वेळ आणि जागा छापण्याआधी दोन वेगवेगळ्या माणसांकडून खात्री करून घ्या. कोरलेली चूक खोडता येत नाही.

देवनागरी अक्षरं उलटी कशी कोरायची?

छाप उलटा उमटतो, म्हणून ठोकळ्यावर मजकूर आरशातल्यासारखा हवा. सोपा मार्ग: ट्रेसिंग पेपरवर 4B पेन्सिलीने मजकूर सुलटा काढा, कागद पालथा करून लिनोवर ठेवा आणि मागून घासा. लेझर प्रिंटरचा किंवा झेरॉक्सचा कागदही चालतो. तो छापील बाजू खाली करून ठेवा, कापसाने थोडा थिनर लावा आणि चमच्याने दाबा. इंकजेटची शाई अशी उतरत नाही. थिनर खिडकी उघडी ठेवून वापरा. उतरलेला मजकूर आरशात वाचून मगच कोरणी उचला.

खरी अडचण देवनागरीच्या घडणीत आहे. काळं अक्षर पांढऱ्यावर हवं असेल तर भोवतालचं सगळं कोरून काढावं लागतं आणि अनुस्वार एकटा पडतो. 2 मिलिमीटरचा तो ठिपका दहा-बारा छापांत तुटतो. तो किमान 4 मिलिमीटरचा ठेवा आणि त्याच्या कडा बाहेरच्या बाजूला उतरत्या कोरा, म्हणजे तळ रुंद राहील. सरळ खाली किंवा आतल्या बाजूला कापलेली कड रोलरखाली ढासळते. रफाराचंही तेच. शक्य असेल तिथे रफार शिरोरेषेला जाडसर चिकटू द्या.

'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांतला फरक शिरोरेषेतल्या एका फटीवर उभा असतो. ती फट दीड मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर शाईने भरून जाते आणि 'धरण'चं 'घरण' होतं.

काळ्या पट्टीत पांढरी अक्षरं कोरणं बऱ्याचदा सोपं जातं, कारण फक्त अक्षरच काढायचं असतं. मात्र 'व', 'ब', 'क' यांच्या पोटातलं काळं बेट शाबूत राहायला हवं. त्यासाठी पोटाची आतली कड आधी कोरा, बाहेरची नंतर. मजकूर सात-आठ शब्दांच्या पुढे जात असेल तर तो वेगळा टाइपसेट करून खाली छापा.

कोणता लिनो घ्यावा? कडक झालेला लिनो चालतो का?

ज्यूटचं अस्तर असलेला, साधारण 3.2 मिलिमीटर जाडीचा करडा लिनो घ्या. अळशीचं तेल आणि बुचाची पूड यांपासून तो बनतो, म्हणून जुना झाला की वाळून कडक होतो. विकत घेताना कोपरा हलकेच वाकवून बघा. तडा गेला तर घेऊ नका. थोडा कडक असेल तर दहा मिनिटं उन्हात ठेवा किंवा अस्तराच्या बाजूने कोमट इस्त्री फिरवा. गरम तुकडा लोण्यासारखा कापला जातो, तेव्हा सुरुवातीला हात आवरा.

कोरण्याआधी पृष्ठभागावर 400 नंबरचा पॉलिश पेपर ओला करून फिरवा. तेलकट थर निघतो आणि शाई सारखी बसते. रबरासारखे मऊ ठोकळे शाळेसाठी ठीक आहेत, पण त्यांवर बारीक रेघ दाबली की पसरते.

कोरण्या किती लागतात?

तीन पुरतात: व्ही आकाराच्या टोकाची बारीक, यू आकाराची मध्यम (3-4 मिलिमीटर) आणि मोकळी जागा उपसायला रुंद यू. दहा कोरण्यांच्या स्वस्त संचापेक्षा तीन चांगल्या घ्या. दर अर्ध्या तासाने चामड्याच्या पट्टीवर पॉलिशची पेस्ट लावून धार मारा. बोथट कोरणीला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की ती सटकते. मोकळा हात कायम कोरणीच्या मागे ठेवा. टेबलाच्या कडेला अडकणारी लाकडी अडणी करून घेतली तर ठोकळा हाताने धरावा लागत नाही. ठोकळा फिरवा, मनगट नको.

पांढऱ्या जागेत कोरणीचे उंचवटे राहिले तर ते छापात रेघोट्या होऊन उमटतात. आकाशात त्या बऱ्या दिसतात, मजकुराभोवती नाही.

शाई कोणती, किती, आणि बरोबर लागली हे कसं ओळखायचं?

तेलावरची रिलीफ शाई उत्तम. ती मिळाली नाही तर ऑफसेट छापखान्यातली काळी शाई चालते. ती जरा पातळ आणि चिकट असते, म्हणून तीत थोडं मॅग्नेशियम कार्बोनेट घोटून घट्ट करा. पाण्यावरची शाई धुवायला सोपी, पण एप्रिल-मे महिन्यात काचेवरच वाळते, आणि खळ लावून चिकटवताना ओघळते. बाहेर लावायच्या कागदासाठी ती वापरू नका.

A3 मापाच्या, निम्म्या काळ्या चित्राच्या शंभर प्रतींना वाया जाणारी धरून साधारण दीडशे ग्रॅम शाई धरा. जाड काचेवर सुपारीएवढी शाई घ्या आणि रबरी रोलर उभा-आडवा, उचलून उचलून फिरवा. आवाज ऐका. मंद, सलग चुरचुर येत असेल तर थर बरोबर आहे. फाटल्यासारखा चरचराट येत असेल आणि रोलरवर संत्र्याच्या सालीसारखे खड्डे दिसत असतील तर शाई जास्त आहे.

पहिले तीन-चार छाप फिकेच येतात, कारण लिनो शाई पिऊन घेतो. ते बघून शाई वाढवू नका. नंतरच्या छापांत बारीक रेघा बुजतात त्या बहुधा या घाईमुळेच. काळ्या भागात मिठासारखे पांढरे ठिपके आले तर तीन कारणं तपासा: शाई कमी, दाब कमी, किंवा कागद जास्त खरखरीत. एकाच जागी पांढरी चकती येत असेल तर शाईत केस किंवा लिनोचा कीस अडकलाय, टाचणीने काढा.

कागद कोणता?

चाचणीला न्यूजप्रिंट. वाटायच्या प्रतींना 80 ते 100 जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) साधा कागद, ग्लॉसी नको. जपून ठेवायच्या प्रतींना पातळ हातकागद, उदाहरणार्थ नेपाळी किंवा पुण्याच्या हातकागद संस्थेचा. हाताने घासून छापायचं असेल तर 120 जीएसएमच्या वर जाऊ नका. दाब पोहोचत नाही आणि खांदा भरून येतो.

प्रेस नसेल तर?

स्टीलचा मोठा चमचा घ्या. कागद ठेवल्यावर आधी तळहाताने मधून बाहेर दाबा, मग वर बटर पेपर ठेवून चमच्याच्या फुगीर बाजूने छोट्या गोलांत घासा. एक कोपरा दाबून धरून दुसरा उचलून बघा. जिथे फिकं आहे तिथे पुन्हा घासा. A3 च्या एका प्रतीला पाच ते आठ मिनिटं जातात. दोघांनी काम वाटून घ्या. शाई लावणाऱ्याने कागदाला हात लावायचा नाही, एवढा एक नियम पाळला तरी बोटांचे ठसे उमटत नाहीत.

ट्रेडल मशीनवर लिनो छापता येतो का?

येतो. ट्रेडल म्हणजे खिळ्यांनी (धातूच्या सुट्या अक्षरांनी) छापायचं जुनं यंत्र, आणि हा पर्याय लोक विसरतात. नंबरिंग किंवा डाय कटिंगसाठी ट्रेडल ठेवलेले छापखाने अजून सापडतात. ठोकळ्याची एकूण उंची खिळ्याएवढी, म्हणजे 0.918 इंच (सुमारे 23.3 मिलिमीटर) हवी. 3.2 मिलिमीटरचा लिनो 19 मिलिमीटरच्या प्लायवर चिकटवला की मिलिमीटरभर कमी पडतं. ते खाली कार्डशीट घालून भरून काढा. उंची जास्त झाली तर मशीनवर आणि लिनोवर दोन्हीकडे ताण येतो, म्हणून कमीपासून सुरू करून एकेक कागद वाढवा.

काळा भाग मोठा असेल तर ट्रेडलचे रोलर एका फेरीत पुरेशी शाई देत नाहीत. छापणाऱ्याला दाब बंद ठेवून एक फेरी जास्त द्यायला सांगा. शक्यतो चित्र ट्रेडलच्या चौकटीचा विचार करूनच काढा. मजकूर खिळ्यांत जुळवून मिळत असेल तर काय हवं!

दुसरा रंग घालावा का?

बहुतेकदा नको. घालायचाच असेल तर एकाच जागी घाला, आणि तो लाल नसेल तर बरं. लालने चित्र लगेच कुठल्या तरी पक्षाचं वाटायला लागतं. दोन्ही रंगांना कागद एकाच जागी बसावा म्हणून पुठ्ठ्याची एल आकाराची अडण ठोकळ्याच्या तळाशी चिकटवा. पहिला रंग पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा चढवू नका. पावसाळ्यात तेलाच्या शाईला चार-पाच दिवसही लागतात.

पावसाळ्यात स्क्रीन का फसते?

कारण इमल्शन (जाळीवर लावायचा, उजेडाने घट्ट होणारा लेप) वरून कोरडं वाटतं आणि आतून ओलं असतं. उजेड दाखवून पाण्याखाली धरलं की अख्खं चित्र वाहून जातं. लेप लावलेली फ्रेम अंधारात, पंख्याखाली रात्रभर ठेवा. तरी शंका असेल तर सरळ कागदी स्टेन्सिल घ्या: न्यूजप्रिंट ब्लेडने कापा आणि जाळीखाली ठेवा. शाई त्याला जाळीशी आपोआप चिकटवते. पन्नासेक प्रती निघतात आणि मग कागद लगदा होतो.

पोस्टरसाठी 43 नंबरची (सेंटिमीटरला 43 धाग्यांची) जाळी पुरते. जाळी आणि कागद यांत जाड नाण्याएवढं, सुमारे 3 मिलिमीटर अंतर ठेवा. जाळी टेकली की कडा पसरतात. दर छापानंतर स्क्वीजीने (शाई ओढायच्या रबरी पट्टीने) शाईचा हलका थर जाळीवर ओढून ठेवा, नाहीतर भोकं बुजतात आणि अक्षरांचे तुकडे पडतात.

गटाने काम करताना चित्र कुणाचं निवडायचं?

पॅरिसच्या 1968 मधल्या त्या कार्यशाळेत प्रत्येक आराखडा सभेपुढे यायचा आणि दोन गोष्टी विचारल्या जायच्या: म्हणणं बरोबर आहे का, आणि चित्र ते नीट पोहोचवतं का. सही कुणाचीच नसायची. दोन्ही प्रश्न अजून कामाचे आहेत, पण क्रमानेच विचारा. चित्र छान आहे म्हणून गोंधळलेलं म्हणणं खपवून घ्यायला लागलात की पोस्टर सजावट होऊन बसतं. ज्यांच्याबद्दल चित्र आहे त्यांना कच्चा छाप दाखवा. हंडा कसा धरतात आणि रांग कुठून लागते, यातली चूक ते क्षणात पकडतात.

प्रतींवर क्रमांक घालावेत का?

विकायच्या असतील तर पेन्सिलीने 7/30 (तीसपैकी सातवी प्रत) असा क्रमांक आणि सही घाला. भिंतीवर लावायच्या किंवा वाटायच्या प्रतींना क्रमांक घालणं म्हणजे विषयाशी विसंगत वागणं. दोन्ही करायचं असेल तर हातकागदावरच्या तीस प्रती वेगळ्या मोजा आणि साध्या कागदावरच्या मोकळ्या सोडा. ते तसं स्पष्ट सांगा, म्हणजे विकत घेणाऱ्याची फसवणूक होत नाही.

कायद्याचं काय?

दोन गोष्टी लक्षात ठेवा. लोकसभा-विधानसभा निवडणुकीत एखाद्या उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात जाणाऱ्या पत्रकावर, पोस्टरवर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता असणं लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 च्या कलम 127क नुसार बंधनकारक आहे. हाताने नक्कल करणं सोडून प्रती काढण्याची प्रत्येक रीत तिथे छपाईच धरली जाते, म्हणजे चमच्याने घासलेला लिनोसुद्धा. पालिका निवडणुकीसाठी राज्य निवडणूक आयोगाचे त्या वेळचे आदेश वाचा.

दुसरं, परवानगीशिवाय भिंतीवर चिकटवणं महाराष्ट्रात 1995 च्या मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायद्याखाली येतं. परवानगी असलेली भिंत, दुकानाची आतली काच, हातातला फलक किंवा ग्रंथालयातलं प्रदर्शन हे मार्ग खुले आहेत. दंगलीसारख्या विषयात ओळखू येणारे चेहरे कोरू नका. जखमींचे तर नाहीच.

चिकटवायला काय?

मैद्याची खळ. एक वाटी मैदा गार पाण्यात कालवा, सहा वाट्या पाणी घालून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळा. गार झाल्यावर आधी भिंतीला, मग कागदाच्या पाठीला लावा. झुरळं-उंदीर लागू नयेत म्हणून जुने लोक चिमूटभर मोरचूद घालतात. ते विषारी आहे, भांडं आणि ब्रश वेगळे ठेवा.

सफाई आणि साठवण?

ठोकळा आणि रोलर आधी खाण्याच्या तेलाने पुसा, मग भांड्यांच्या साबणाच्या ओल्या फडक्याने. लिनो पाण्यात बुडवून ठेवू नका. ज्यूट फुगतो आणि ठोकळा वाकतो. शाईतल्या अळशीच्या तेलाने माखलेल्या चिंध्यांचा गोळा करून टाकणं धोक्याचं आहे, त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

न्यूजप्रिंटवरची प्रत काही वर्षांत पिवळी पडून तुटते, म्हणून दर चित्राच्या दोन प्रती चांगल्या कागदावर काढून सपाट ठेवा. मागे 2B पेन्सिलीने छापल्याची तारीख, वॉर्ड, किती प्रती काढल्या आणि कुठे लावल्या, हे लिहा. ठोकळे एकमेकांना तोंड लावून रचू नका. मध्ये बटर पेपर घाला आणि उन्हापासून लांब, आडवे ठेवा.